पाटल्या परत आल्या, आता हे ऋण कसं फेडू?

वाचकाचं पत्र

ताई, मी वेंगुर्ले तालुक्यातला, कॅथलिक घरातला. पुण्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. धाकटा भाऊ कुवेतला असतो. वडील लवकर गेले. सहा वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. गाव सोडायला ती तयार नव्हती. पगारी बाया ठेवल्या, त्या टिकल्या नाहीत. शेवटी शेजारच्या काकींनी सगळं अंगावर घेतलं. काकी हिंदू, विधवा, आमच्या नात्यागोत्यातल्या नाहीत. मुलगा गोव्यात नोकरीला, घरची परिस्थिती बेताची. त्या आईला पुसायच्या, पेज भरवायच्या, कूस बदलायच्या. रात्री आईच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपायच्या. संध्याकाळी आईच्या चांगल्या हातात रोजरीची माळ द्यायच्या. प्रार्थना त्यांना येत नाही, पण आईची बोटं अडकली की पुढचा मणी सरकवून द्यायच्या. सहा वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. पैसे त्यांनी कधीच घेतले नाहीत.

या उपवासकाळात आई गेली. महिन्याची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर भावाने आणि मी काकींना सोन्याच्या पाटल्या दिल्या. त्यांनी डबी उघडलीसुद्धा नाही. "ह्येचा मोल करतास?" एवढंच म्हणाल्या, आणि बरेच दिवस आमच्या खळ्यात, अंगणात पाऊल टाकलं नाही. एक नातेवाईक म्हणतात, तिचा तुमच्या भाटल्यावर, माडांच्या बागेवर डोळा असणार. दुसरे म्हणतात, ख्रिस्ताशिवाय केलेलं पुण्य देवाच्या दारी चालत नाही. मी वर्गात परोपकाराची उत्क्रांती शिकवतो, पण त्या आकडेमोडीत काकी कुठेच बसत नाहीत. मग हा चांगुलपणा येतो कुठून? देवाचं काम म्हणावं, तर त्याने आईला सहा वर्षं असं का ठेवलं? माझ्याकडून प्रार्थना होत नाही. नोकरी सोडून गावच्या घरात वृद्धाश्रम काढला तरच हे ऋण फिटेल असं वाटतं. काय करू?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मी तिथेच अडकले. सहा वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी सांभाळलंय, त्यांना हे वाक्य केवढं आहे ते कळेल. टाचा, माकडहाड, खांद्याची पाती, जिथे हाडावर मांस कमी, तिथे शरीराचा भार पडून राहिला की रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग काळपट पडते, मग फुटते. ते टाळायचं तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. अंथरूण ओलं झालं की तेव्हाच्या तेव्हा बदलावं लागतं. आणि हे कोकणातल्या पावसात, जिथे आषाढात चुलीच्या उबेला धरल्याशिवाय फडका सुकत नाही. सगळ्या सोयी असलेल्या दवाखान्यांतही पेशंटला अशा जखमा होतात. तुमच्या आईला झाल्या नाहीत, कारण एक बाई रात्री उठत होती. कोणी बघायला नसताना, कोणाला सांगायचं नसताना उठत होती.

चांगुलपणा येतो कुठून, हे तुम्ही विचारलंत. त्यावर मला जे म्हणायचंय ते पुढे म्हणेनच. पण हा प्रश्न विचारायची पाळी तुमच्यावर आली ती पुस्तकामुळे नाही. ती या चटईमुळे आली. पुढचं सगळं वाचताना ती चटई नजरेसमोर असू द्या.

भाटल्याची काळजी लागलेल्या नातेवाइकांना उत्तर देत बसू नका. चार माडांसाठी कोणी सहा वर्षं मध्यरात्री उठत नाही. आणि ज्याचा जमिनीवर डोळा असतो तो पाटल्यांची डबी न उघडता परत करत नाही.

आता त्या पाटल्या. तुम्ही दोघा भावांनी वाईट काही केलेलं नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने फणसाचे गरे पाठवले तर त्याचं भांडंही रिकामं परत जात नाही. मग एवढ्या सेवेनंतर रिकाम्या हाताने राहायचं कसं, हे तुम्हाला बोचलं असणारच. तरी तुम्ही जी वेळ निवडलीत ती पाहा. महिना भरला, मिस्सा झाली, पाहुणे गेले आणि डबी पुढे आली. त्या डबीत कृतज्ञता होती यात शंका नाही. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट ठेवलेली होती, ती म्हणजे मोकळं होण्याची इच्छा. एकदा सोनं दिलं की पुण्याला परत जाताना छाती थोडी हलकी होईल, अशी ती इच्छा. काकींना नेमकी ती दिसली. ज्या नात्यात त्या सहा वर्षं राहिल्या ते त्या दिवशी मिटवून टाकण्याची भाषा त्यांच्या कानावर पडली. म्हणून त्या खळ्यात आल्या नाहीत. रागापेक्षा त्यात दुःख जास्त असणार.

घेणं हे देण्यापेक्षा फार कठीण आहे, आणि आपल्या ख्रिस्ती माणसांना ते जरा अधिकच कठीण जातं. या किनाऱ्यावर आपण स्वतःला देणारे म्हणून ओळखत आलो. वेंगुर्ल्यातच बघा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर इथे येऊन राहिले, त्यांनी इथल्या माणसांवर उपचार केले. त्यांच्यापैकी गोहीन दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. कॅथलिक सिस्टरांच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तुमच्या घरात सेवा उलट्या दिशेने आली. तुळशीपुढे दिवा लावणारी बाई आली आणि तिने ख्रिस्ताच्या माणसाचं अंग पुसलं. इथे देणारा मी, घेणारा तू, ही आपली सवयीची बैठकच मोडली.

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत फादर पाय धुतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांपुढे बसतो, तेव्हा सगळ्यांत आधी नकार देतो तो पेत्र. तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, म्हणतो. ऐकायला ही नम्रता वाटते. पण येशू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. म्हणजे प्रभूबरोबर नातं जोडायची पहिली पायरी सेवा करण्याची नव्हती, सेवा करवून घेण्याची होती. आणि पेत्राला तीच चढवत नव्हती. तुमचं पत्र वाचताना मला सारखा तो पेत्र दिसत राहिला.

तुम्ही जीवशास्त्राचे शिक्षक आहात, म्हणून आता तुमच्या विषयावर बोलते, आणि जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या मनातली खरी गाठ तिथेच आहे.

१९६४ मध्ये जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनने मांडलं ते तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत असाल: नात्याची जवळीक गुणिले समोरच्याचा फायदा हे आपल्या नुकसानापेक्षा जास्त भरलं, तर तशा परोपकाराची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने परस्पर परोपकाराचा विचार दिला: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. डार्विनलाही हा प्रश्न सतावत होताच. हे शास्त्र खरं आहे आणि श्रद्धाळू माणसाने त्याला बिचकायचं काही कारण नाही. तुमची तक्रार अशी की काकी रक्ताच्या नाहीत आणि परतफेडीची आशा त्यांना नव्हती, म्हणून त्या सूत्रात बसत नाहीत. आणि तुमच्या पत्राच्या ओळींमधून असं डोकावतं, की सूत्रात बसत नाहीत म्हणजे तिथे देव असेल.

या वाटेने जाऊ नका, असं मी कळकळीने सांगते. उद्या कोणी हुशार संशोधक येईल आणि शेजाऱ्याविषयीची माया माणसाच्या मेंदूत कशी घडली ते नीट उलगडून दाखवेल. तुमच्या वर्गात पुढच्या पिढीला ते शिकवलंही जाईल. मग काय करणार? काकींचा चांगुलपणा त्या दिवशी कमी होणार का? शास्त्राला जिथे उत्तर सापडत नाही, त्या फटीत देवाला बसवलं की प्रत्येक नव्या शोधाबरोबर देवाला थोडं सरकावं लागतं. माझ्या श्रद्धेचा देव तसा फटीत राहणारा नाही. काकींचं मन उत्क्रांतीतूनच घडलं, हे मी आनंदाने मान्य करते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनासने म्हटलं होतं की देवाची कृपा निसर्गाला मोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. काकींच्या हातांतली माया निसर्गाने दिली असेल, आईने शिकवली असेल, गावाच्या रीतीने वळण दिलं असेल. कृपा आली ती या सगळ्यांतूनच आली.

तुम्ही कोकणातले, तुम्हाला कातळ ठाऊक आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. भूगर्भशास्त्रज्ञ तुम्हाला सांगू शकतो की झरा इथेच का फुटला, तिथे का नाही, आणि त्याचं म्हणणं अगदी खरं असतं. पण पाऊस काही कातळाने पाडलेला नसतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की प्रत्येक चांगलं दान वरून, प्रकाशाच्या पित्याकडून येतं. माझा विश्वास इतकाच आहे. सिद्ध करून दाखवता येईल असा तो नाही, आणि कोणी पुरावा मागितला तर माझ्याकडे कागद नाही. पण ती चटई पाहिली की माझ्या तोंडून आपोआप आभार बाहेर पडतात, आणि आभार मानायला कोणी तरी समोर असावं लागतं.

याच विषयातल्या एका माणसाची हकिगत तुम्हाला सांगायला हवी, कारण ती तुमच्या वृद्धाश्रमाशी जोडलेली आहे. जॉर्ज प्राइस हा अमेरिकन संशोधक १९६७ मध्ये लंडनला आला. हॅमिल्टनचं काम वाचून तो अस्वस्थ झाला. माणसाची माया शेवटी एवढ्या गणितावर उभी असेल का, हा प्रश्न त्याला सोडेना. त्याने स्वतःच एक समीकरण शोधून काढलं, १९७० मध्ये ते छापून आलं, आणि आजही ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. खुद्द हॅमिल्टनने त्याची थोरवी ओळखली. त्याच वर्षी हा कट्टर नास्तिक माणूस ख्रिस्ती झाला. पुढे त्याने बेघर, दारूत बुडालेल्या माणसांना घरी आणायला सुरुवात केली. पैसे दिले, कपडे दिले, होतं नव्हतं ते दिलं. शेवटी त्याला स्वतःचं छप्पर राहिलं नाही. मनाने तो पार खचला आणि १९७५ च्या जानेवारीत त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. त्यांत हॅमिल्टन होता, उत्क्रांतीचाच अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ होता, आणि ज्यांना प्राइसने मदत केली होती त्यांतले काही बेघर होते.

प्राइसच्या देण्याला मी कमी लेखत नाही. त्या बेघरांच्या हातात पडलेली भाकरी खरी होती. तो आजारी होता, एकटा होता, आणि त्याच्या मनात शेवटी काय चाललं होतं ते बाहेरच्या माणसाने ठरवू नये. तरी त्याच्याकडे पाहताना मला तुमची भीती वाटली. नोकरी सोडायची, घर द्यायचं, "तरच हे फिटेल" असं तुम्ही लिहिलंत. या "तरच"मध्ये प्रेम कमी आणि शिक्षा जास्त आहे. आईजवळ आपण नव्हतो, दुसरीच कोणी होती, हे तुम्हाला आतून खातंय आणि त्याची भरपाई तुम्ही स्वतःच्या आयुष्याने करायला निघालात. अशा भरपाईसाठी काढलेल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना माया मिळत नाही हो, त्यांना तुमच्या अपराधाचं ओझं मिळतं. निदान एक वर्ष हा विषय बाजूला ठेवा. वर्षानंतरही इच्छा टिकली आणि तिच्यातून "तरच" गळून गेलं, तर आधी एखाद्या चालत्या आश्रमात सुट्टीत जाऊन राहा, अंथरुणं बदला, रात्रपाळी करा. मग ठरवा. आईला दूर ठेवल्याची जी टोचणी आहे ती वेगळी गोष्ट आहे. ती फादरांकडे जाऊन पापनिवेदनात सांगा. ज्या गोष्टीला क्षमा हवी आहे, तिला आश्रम बांधून उपयोग होत नाही. आणि हेही लक्षात असू द्या की पुण्याहून पगार येत होता म्हणून औषधं येत होती. तुम्ही सगळ्या बाजूंनी गैरहजर नव्हतात.

दुसरे जे नातेवाईक म्हणाले की ख्रिस्ताशिवाय केलेलं पुण्य देवाच्या दारी चालत नाही, त्यांच्याविषयी मी थोडी कडक बोलणार आहे. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाचावा. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला जेवू घातलंत, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझी काळजी घेतलीत. आणि ते लोक गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? कधी आजारी पाहिलं? त्यांना ठाऊकच नसतं. ख्रिस्तासाठी करतोय असा विचार त्यांच्या मनात नव्हता, कोणाच्या खात्यावर जमा होतंय याची शुद्ध नव्हती. समोर माणूस होता, त्यांनी केलं. राजा त्यांना परत पाठवत नाही. "या माझ्या सगळ्यात लहानांपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत," म्हणतो. तुमची आई त्या लहानांपैकी होती. बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. तिच्यासाठी जे झालं ते कोणासाठी झालं, हे त्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय.

हे माझं एकटीचं म्हणणं आहे असं कोणाला वाटायला नको, म्हणून सांगते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर केलेल्या दस्तऐवजात असं आहे की ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी पवित्र आत्मा सगळ्याच माणसांना देतो, आणि ती कशी देतो ते देवालाच ठाऊक. जगभरचे बिशप एकत्र बसले आणि त्यांनी लिहिलं की ही रीत आम्हाला माहीत नाही, त्याला माहीत आहे. मला चर्चचा अभिमान वाटतो अशा जागांपैकी ही एक आहे.

पण एक जपा. या आधाराने काकींना मनातल्या मनातसुद्धा आपल्या धर्मात ओढू नका. "त्या खरं तर ख्रिस्तीच आहेत" असं मिस्सेनंतर चारचौघांत म्हणू नका. त्यांच्या तुळशीचा, त्यांच्या गणपतीचा तो अपमान होईल. त्यांच्या हातून आलेल्या प्रेमाचा उगम मी ख्रिस्ताच्या पित्यात पाहते, कारण माझे डोळे तिथून पाहायला शिकले. त्या काय म्हणतील ते त्यांना म्हणू द्या. आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय माणसाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला होता आणि डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्यांना ते खाली ठेववेना. तेच टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या पुलावरून आलो तो त्यांनी पाडला नाही.

आईला सहा वर्षं असं का ठेवलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. परीक्षा होती, शुद्धीकरण होतं, असलं कोणी सांगायला आलं तर ऐकून घ्या आणि विसरून जा. बोएथियस नावाच्या एका विचारवंताने सहाव्या शतकात तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत असताना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडला: देव असेल तर वाईट येतं कुठून, आणि देव नसेल तर चांगलं येतं कुठून? आपण पहिला अर्धा भाग रात्र रात्र विचारतो. तुमच्या घरात दोन्ही अर्धे एकाच खाटेवर होते, एक अंथरुणात आणि एक शेजारी चटईवर. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवू नका, एवढंच मी म्हणेन.

प्रार्थना होत नाही तर करू नका, म्हणजे शब्दांची करू नका. आईची माळ घरात असेल. संध्याकाळी ती हातात घ्या आणि नुसता एकेक मणी पुढे सरकवा. काकींना माळेवरची 'नमो मारिया' ही प्रार्थना येत नव्हती, तरी त्यांच्या हातून माळ पूर्ण होत होती. ती प्रार्थना नव्हती असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आणि काकींकडे जा. पाटल्यांबद्दल माफी मागायला जाऊ नका, त्याने तो विषय पुन्हा उघडेल. नुसते जा, पडवीत बसा, चहा दिला तर घ्या, जेवायला थांब म्हणाल्या तर थांबा. तुमच्या घरातून कोणी तरी त्यांच्याकडून काही तरी निमूट घेतंय, हे त्यांना पुन्हा दिसू दे. मग डोळे उघडे ठेवा. त्यांचंही वय झालंय. सहा वर्षं त्यांनी एका मोठ्या माणसाला उचललं आणि वळवलं, कंबर-गुडघे धड नसणार. पावसाआधी त्यांची लाकडं कोण भरतं? कौलं कोण चाळतं? मुलगा गोव्याहून किती वेळा येतो? चतुर्थीला घरात माणसं असतात का? तुम्ही चतुर्थीला सुट्टी काढून गावी जा आणि गणपतीवरची माटवी बांधायला हात लावा. यातलं काहीही परतफेड म्हणून करू नका, बोलून तर अजिबात दाखवू नका. शेजारी म्हणून करा, सहा वर्षांपूर्वीही करायला हवं होतं तसं. आणि एक दिवस, योग्य वेळ पाहून, त्यांच्या मुलाशी सरळ बोला: पुढे कधी काकी अंथरुणाला खिळल्या तर काय करायचं, हे आपण दोघांनी मिळून ठरवू. हे बोलणं अवघड आहे. पण ज्या बाईने तुमच्या आईची कूस बदलली, तिची कूस कोण बदलणार हा प्रश्न सोन्यापेक्षा खूप जवळचा आहे.

कुवेतच्या भावालाही विसरू नका. पाटल्या बहुतेक त्यानेच घेतल्या असतील, आणि त्या नाकारल्या गेल्याचं त्याला तुमच्याहून जास्त लागलं असेल, कारण तो तुमच्याहूनही लांब होता. त्याला सांगा की काकींना व्हिडिओ कॉल कर, आणि पैशाचं, सोन्याचं, उपकाराचं अवाक्षर काढू नकोस. आई शेवटच्या दिवसांत काय खात होती, कोणाकडे बघून हसायची, रात्री घाबरायची का, हे विचार. तुम्हा दोघांनाही हे माहीत नाही. ते फक्त काकींना माहीत आहे, आणि त्यांना ते कोणी विचारलेलं नाही.